माळावरची वस्ती : प्रकल्प नोंदी, मार्च २०२३ ते ऑक्टोबर २०२४

२२ मार्च २०२३, गुढीपाडवा

खरेदीखतानंतर दीड महिन्याने फेरफार मंजूर झाला आणि पारनेर तालुक्यातील या सत्तावीस एकर माळाचा नवा सातबारा काल हाती आला. उताऱ्यावर सहा नावे आहेत, वस्ती मात्र आठ कुटुंबांची आहे. उरलेली दोन नावे का नाहीत, हे पहिल्याच नोंदीत लिहून ठेवते, कारण पुढे गैरसमज झालाच तर तो इथूनच होईल. कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ मुळे ज्याच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. आमच्यातील मास्तरांच्या घराण्यात तीन पिढ्या कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यामुळे पैसे असूनही त्यांना थांबावे लागले. मावशींचे उलट आहे. त्यांचे अख्खे आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात गेले, त्यामुळे त्यांना शेती येते की नाही हा प्रश्न कोणी विचारणार नाही, परंतु घालायला पैसे नाहीत. त्या सामाईकातील दोन एकर वाट्याने करतील असे ठरले आहे.

प्रत्येकाला घरापुरते दोन-दोन गुंठे स्वतंत्र तोडून द्यावेत, अशी सूचना दादांनी केली होती. शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे करण्यास मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे ते शक्य नाही. क्षेत्र सामाईक राहील आणि कोणाचे किती याचा करार आपसात राहील, जो वकिलांच्या मते भांडण झाल्यावर फारसा उपयोगी पडत नाही. करारानुसार दादांचे सहा एकर आहेत, आमचे तीन, इतरांचे त्या मानाने. आठ कुटुंबे मिळून एकतीस माणसे होतात.

नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले, ते चाकणच्या एका कारखान्यात अकरा वर्षे हिशेब लिहिण्याची सवय आहे एवढ्याच कारणाने. जमिनीचे म्हणाल तर वरचे नऊ एकर निव्वळ मुरूम, मधला पट्टा बरड, आणि ओढ्याकडचे सहा-सात एकर तेवढे काळे. बावन्न फुटांची जुनी विहीर आहे. आप्पांनी आज विहिरीत दगड सोडून पाहिला. दोरी सात फूट ओली निघाली.

१४ एप्रिल २०२३

वरच्या नऊ एकरांवर सलग समतल चर, म्हणजे वाहते पाणी अडवून मुरवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीत राहणारे चर खणण्याचे काम सुरू आहे. चर दोन फूट रुंद आणि एक फूट खोल, म्हणजे एका मीटरला साधारण एकशे ऐंशी लिटर पाणी थांबेल. यंत्र लावले असते तर चार दिवसांत उरकले असते, पण पहिले काम तरी सर्वांनी हाताने करावे असा आग्रह मास्तरांचा होता आणि पैसे कमी असल्यामुळे तो सर्वांना पटला.

समपातळी काढण्यासाठी दोन काठ्यांना पट्टी लावून मध्ये पारदर्शक नळी जोडली आहे. नळीत पाणी भरायचे, एका काठीवर जो आकडा दिसेल तोच दुसऱ्या काठीवर येईपर्यंत ती काठी चढावर-उतारावर सरकवायची, आकडे जुळले की फक्कीची खूण करायची. मागची काठी माझ्याकडे आहे आणि पुढची मास्तरांकडे. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी फक्त एक चर आखला. आता दिवसाला तीन होतात, त्याबद्दल मला जरा अभिमान वाटतो. दर अकरा फुटांवर एक खूण पडते.

२१ मे २०२३

शेततळे खणून झाले. वरून तीस मीटर बाय तीस मीटर, खोली तीन मीटर, बाजूंचा उतार एकास एक. काठोकाठ भरले तर २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावते. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. एक एकराला दोन इंचांची एक पाळी द्यायची म्हटली तर दोन लाख लिटर लागतात, म्हणजे हे सगळे तळे एका एकराच्या दहा-अकरा पाळ्यांचे धनी आहे, तेही उन्हाने काही उडून गेले नाही तर. हा हिशेब मी परवा सर्वांसमोर मांडला. कोणी विशेष लक्ष दिले नाही, कारण सगळे पाणी मुरू नये म्हणून तळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरण्याच्या घाईत होते.

कागदाची कथा अशी की पाचशे मायक्रॉनचा तो अस्तराचा कागद आम्ही दुपारी अंथरायला घेतला. आप्पा सकाळपासून सांगत होते की वैशाखातला वारा दुपारनंतर उठतो, कागद पहाटेच टाकावा. तीन बाजू काठावरच्या चारीत दाबून झाल्या होत्या आणि चौथी धरलेली होती, तेवढ्यात वारा आत शिरला आणि कागद शिडासारखा फुगला. पाच जण धरून होते, पाचही जण ओढले गेले. कोणाला लागले नाही, पण कागद बाभळीवर जाऊन दोन ठिकाणी फाटला आणि जोड मारणाऱ्या कारागिराला पुन्हा बोलवावे लागले. आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला त्यांनी सगळ्यांच्या कड्या वाजवल्या.

२ जुलै २०२३

मृग कोरडा गेला. मोसमी पाऊस राज्यभर पोचायला २५ जून उजाडला. वाफसा पाहून काल आणि आज बाजरी पेरली, मधल्या पट्ट्यात तूर आणि मटकी. दोन तिफणी मागून आणल्या होत्या. घरांपैकी पाच घरांवर पत्रा चढला आहे, दोघांच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या आहेत, दादांचे जोते तेवढे पूर्ण झाले आहे. घडीव दगडाचे आणि वस्तीतले सर्वांत देखणे जोते तेच आहे. बांधकामाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे नाही; दगड, माती आणि उसनवारी यांवर ते चालले आहे.

३१ ऑगस्ट २०२३

या महिन्यात पर्जन्यमापकाच्या नळीत तीनदा पाणी दिसले आणि तिन्ही वेळा ते मोजण्याजोगे नव्हते. देशभरातच १९०१ पासूनचा हा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आहे. बाजरी निसवण्याच्या वेळी ताण बसला, कणसे बोटाएवढी आणि निम्मी पोचट आहेत. तूर तग धरून आहे. चर अगदी जसेच्या तसे आहेत, त्यांत पाणी कधी साचलेच नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही सात जण हिवरे बाजारला जाऊन आलो. नगर तालुक्यातले हे गाव आमच्यापासून दूर नाही, आणि पाऊसही आमच्याएवढाच पडतो. तिथे पाणलोटाची कामे पाहण्यापेक्षा मला एकच गोष्ट पाहायची होती, ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाचे माप घ्यायचे, माणसे-जनावरे यांचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरलेल्या पाण्यावर कोणती पिके होतील ते ग्रामसभेत ठरवायचे, आणि शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा नियम वर्षानुवर्षे पाळायचा. तिथून परतताना टेम्पोत दादा म्हणाले, “ते गाव जुनं आहे वहिनी, तिथं नात्यागोत्याचा धाक आहे. आपण आठ ठिकाणची माणसं. आपल्याला धाक कोणाचा?” त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती.

२ ऑक्टोबर २०२३

सप्टेंबरच्या शेवटच्या पावसाने विहिरीला थोडे पाणी आले आणि ते उपसून शेततळे पाच फुटांपर्यंत भरले. तळे निम्मे भरले असे सगळे म्हणत होते, परंतु बाजूंना उतार असल्यामुळे खोली निम्मी झाली तरी पाणी निम्म्याहून कमी असते. ते ९ लाख ७५ हजार लिटर भरते. त्यातून उन्हाने चार लाख तरी जाणार असे धरले. वाटायला राहिले पावणेसहा लाख.

आजची बैठक दुपारी चारला सुरू झाली आणि रात्री अकराला संपली. प्रश्न एकच होता, पाणी एकराप्रमाणे वाटायचे की माणशी.

मास्तरांनी नायगावचे उदाहरण मांडले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली, तिथे पाणी जमिनीला न देता माणसाला दिले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे, भूमिहीनालाही हक्क, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, उसाला बंदी, आणि योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा लाभधारकांनी स्वतः उचलायचा. मी पाटीवर दोन्ही हिशेब लिहिले. माणशी वाटले तर प्रत्येकाला साडेअठरा हजार लिटर येतात. एकरी वाटले तर एकराला २१ हजार ३०० लिटर. दादांच्या घरात माणसे तीन आणि जमीन सहा एकर, त्यांना एकरी हिशेबाने १ लाख २८ हजार लिटर मिळतील, माणशी हिशेबाने ५५ हजार. मावशींच्या घरात चार माणसे आहेत, त्यांना माणशी हिशेबाने ७४ हजार मिळतील आणि एकरी हिशेबाने शून्य.

पाटीकडे बराच वेळ कोणी पाहत नव्हते. मग दादा बोलले, आणि त्यांचे म्हणणे जसेच्या तसे लिहून ठेवणे मला योग्य वाटते. ते म्हणाले की तळ्याच्या खर्चात सर्वांत मोठी रक्कम त्यांची आहे. ती रक्कम देताना कोणी माणसे मोजली नव्हती, एकर मोजले होते. त्यांचा लाल कांदा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीस गुंठ्यांत लागून गेला आहे, तो आता पाण्यावाचून सोडायचा का? यावर आप्पांनी विचारले की कांदा लावताना कोणाला विचारले होते. दादांनी उत्तर दिले की त्या वेळी विचारण्याचा नियम नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. जमीन, कागद, चर यांवर आम्ही सहा महिने घालवले आणि पाण्याचा नियम पाणी आल्यावर ठरवायला बसलो, ही चूक प्रामुख्याने माझी, कारण बैठकीची विषयपत्रिका मीच लिहिते.

शेवटी सहा विरुद्ध दोन असा निर्णय माणशी वाटपाच्या बाजूने झाला. दादांबरोबर हात वर करणारे दुसरे घर आमचेच होते. ह्यांना वाटते की ज्याने पैसे घातले त्याला काहीतरी अधिक मिळालेच पाहिजे. घरी यावर अजून बोलणे चालू आहे.

३ नोव्हेंबर २०२३

शासनाने ३१ तारखेला चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. शेजारचा शिरूर यादीत आहे, पारनेर नाही. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे ढग वेगळे होते असे आम्हांला तरी दिसले नव्हते.

दुसरी नोंद अधिक गंभीर आहे. या आठवड्यात थ्री-फेजची वीज रात्रीची आहे. विहीर तासभर उपसली की तळाला जाते आणि पुन्हा भरायला आठ-दहा तास घेते, म्हणून पंप एक दिवसाआड एकच तास चालवायचा असे ठरले होते आणि वहीत सही करायची होती. मंगळवारी सकाळी विहिरीत फूटभर पाणी होते, वहीत सही नव्हती. बुधवारी तसेच. गुरुवारी पहाटे मावशींचा मुलगा आणि मी पंपाच्या खोलीवर गेलो. कुलूप व्यवस्थित होते. आत स्टार्टरला ऑटो जोडलेला होता, म्हणजे रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू होणार. कांद्याकडचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता आणि त्याच्या चाकावर ओला चिखल होता. खोलीच्या चाव्या दोनच आहेत, एक माझ्याकडे आणि दुसरी दादांकडे.

मावशींच्या मुलाने ऑटोच्या वायरी सोडवल्या, गुंडाळून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, “वहिनी, तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर भांडण होईल.” मी दादांच्या ओट्यावर जाऊन वायरी ठेवल्या. त्यांनी नाकारले नाही. “डोळ्यांदेखत पीक वाळत असताना वही कोण बघतं,” एवढेच म्हणाले.

२८ नोव्हेंबर २०२३

रविवारी, २६ तारखेला, दुपारनंतर अवकाळी पाऊस झाला, काही शिवारांत गारा पडल्या. पाहिजे तेव्हा न आलेला पाऊस कांदा पोसत असताना आला. पात पिवळी पडली असून करप्याची लक्षणे दिसतात. ज्वारीला मात्र या पाण्याने जीव दिला. विहीर दोन फूट वाढली. दंड किती आकारावा याविषयीची बैठक सर्वांच्या संमतीने पुढे ढकलली, कारण अर्धे पीक झोपलेल्या माणसाकडून दंड मागायला कोणाचे तोंड उघडत नव्हते.

१७ डिसेंबर २०२३

केंद्राने कांद्याची निर्यात ८ डिसेंबरपासून बंद केली. ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लावले होते तेव्हाच दादा अस्वस्थ होते, पण कांदा लावला तो त्यानंतरच, शुल्क हटेल या भरवशावर. आज त्यांनी माल विकून पट्टी आणली. महिन्याभरापूर्वीच्या भावाच्या निम्म्याहूनही तो कमी आहे. तोलाई, हमाली, वाहतूक वजा जाता जे उरले ते त्यांनी मला आकडा लिहू नका असे सांगितल्यामुळे लिहीत नाही.

विहिरीतले जवळपास तीन आठवड्यांचे पाणी त्या तीस गुंठ्यांत गेले होते. हरभऱ्याची एक पाळी त्यामुळे चुकली, ती मावशींची आणि मास्तरांची होती. मास्तर यावर काही बोलले नाहीत, पण त्यांनी वहीत आपल्या नावापुढे “मिळाले नाही” असे सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले आहे.

११ फेब्रुवारी २०२४

दादांचे कुटुंब वस्ती सोडत आहे. कारण म्हणून त्यांनी मुलीच्या शाळेचे नाव घेतले आणि सर्वांनी ते मान्य केले. हिशेब असा ठरला की त्यांच्या सहा एकरांची रक्कम उरलेली पाच खातेदार कुटुंबे चार हप्त्यांत देतील, शेवटच्या हप्त्याबरोबर खरेदीखत होईल, आणि तळ्यासाठी दिलेला जादा वाटा शेवटी देण्यात येईल. जोत्याचा हिशेब बसला नाही. घडीव दगडाची किंमत त्यांच्या मते एक आणि आमच्या मते दुसरी. दगड उचलून नेणे त्यांना परवडत नाही, आणि तेवढे पैसे देणे आम्हांला परवडत नाही.

जाताना त्यांनी पंपाच्या खोलीची चावी माझ्या हातात न देता मावशींच्या हातात दिली. यात काही अर्थ होता की त्या जवळ उभ्या होत्या म्हणून, हे मी ठरवू शकले नाही.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

एक वर्ष झाले. शेततळे कोरडे आहे, तळाच्या कागदावर वाळलेल्या शेवाळाच्या खपल्या आहेत. विहिरीवर पिण्यापुरते पाणी निघते, जनावरांसाठी आठवड्यातून एक टँकर विकत घेतो. ज्वारी बरी झाली, धान्यापेक्षा कडबा मोलाचा ठरला. तुरीची आठ पोती निघाली. रानडुकरांनी भुईमूग पूर्ण उकरला, त्याची स्वतंत्र नोंद करण्याइतके तो उरलाच नाही. मास्तरांच्या परवानगीचा अर्ज अजून पुढे सरकलेला नाही.

९ जून २०२४

या वर्षीचा मोसमी पाऊस लवकर आला आणि काल रात्री तो एका दमात पडला. पहाटे तीनच्या सुमारास वरून दगड घरंगळल्यासारखा आवाज आला. बॅटऱ्या घेऊन वर गेलो तेव्हा चौथा चर त्याच्या पूर्वेच्या टोकाला फुटलेला होता आणि तिथून पाणी कमरेएवढ्या घळीतून खाली धावत होते. चौथ्याने पाचवा फोडला आणि पाचव्याने सहावा. आठवड्यापूर्वी धूळपेरणी केलेला तुरीचा पट्टा मधोमध चिरला गेला आणि सगळी माती, मुरूम, बी शेततळ्यात उतरले.

सकाळी आप्पांनी फुटलेल्या चरात उभे राहून दोन्ही टोकांकडे पाहिले. पश्चिमेकडे चराचा तळ जेमतेम भिजलेला होता, तिथे पाणी उभे राहिल्याची खूणही नव्हती. पूर्वेकडे ते काठावरून गेले होते. “ह्यो चर न्हाय, ह्यो पाट झाला,” एवढे बोलून ते खाली गेले.

मी आणि मास्तरांनी तीच नळी पुन्हा काढली. दोनशे फूट लांबीच्या चरात पूर्वेकडचे टोक नऊ इंचांनी खाली निघाले. चराची खोली एक फूट, म्हणजे त्यात साचलेले सगळे पाणी एकाच कोपऱ्यावर ओझे टाकत होते. एवढी चूक कशी झाली, हे दुपारी उन्हात नळी जमिनीवर पसरली तेव्हा दिसले. मागच्या काठीजवळच्या वळणात एक बुडबुडा अडकलेला होता, करंगळीच्या पेराएवढा. नळी हलवली की तो थोडा सरकतो आणि पुन्हा तिथेच येऊन बसतो. त्याच्यामुळे दोन्ही बाजूंच्या आकड्यांत अर्ध्या इंचाचा फरक पडतो, आणि आम्ही आकडे जुळवून खूण करत गेलो तेव्हा प्रत्येक खूण आधीच्या खुणेपेक्षा अर्धा इंच खाली पडत गेली. दोनशे फुटांत अकरा-अकरा फुटांचे अठरा टप्पे. अठरा अर्धे म्हणजे नऊ. हिशेब इतका चोख जुळला की मला हसू आले, आणि मग आले नाही.

चुकीचा दुसरा भाग पद्धतीचा होता. पुढची काठी जागेवर ठेवून मागची तिच्या पुढे न्यायची असते, म्हणजे एका टप्प्यात जी चूक चढते ती पुढच्या टप्प्यात उतरते. मास्तरांचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही दोघेही आपापल्या काठ्या घेऊन पुढे सरकत राहिलो, मागची काठी कायम मागेच आणि पुढची कायम पुढेच. चूक फेडली जायला जागाच ठेवली नाही. आणि गेले वर्ष पावसाचे असते तर पहिल्याच सरीत हे उघडे पडले असते. कोरड्या सालाने चौदा महिने ते झाकून ठेवले, आणि त्या चौदा महिन्यांत पाहुण्यांना हे चर मी किती वेळा दाखवले ते आठवायला नको.

७ जुलै २०२४

सगळ्या चरांची पातळी पुन्हा तपासली. एकूण तेवीसपैकी सात चर ढळलेले निघाले, सातही एकाच दिशेला. आता नळी आदल्या संध्याकाळी भरून टांगून ठेवतो, पहाटे टिचक्या मारून बुडबुडे वर काढतो, आणि दर टप्प्याला काठ्यांची अदलाबदल करतो. मास्तरांची काठी मावशींच्या सुनेकडे दिली आहे. ढळलेले चर पूर्ण बुजवून नवे काढणे शक्य नव्हते, म्हणून त्यांत दर बारा फुटांवर मातीचा आडवा बांध घातला, म्हणजे पाणी एका टोकाला न धावता कप्प्याकप्प्यांत थांबेल. फुटलेल्या जागी दगडी सांडवा रचला. तळ्यातला गाळ पाट्यांनी उपसून तुरीच्या चिरलेल्या पट्ट्यात परत टाकला. फावडे वापरायला आप्पांनी बंदी केली होती, तरी कागदाला एक चीर पडलीच. ती कोणाच्या हातून पडली हे सर्वांना माहीत आहे आणि येथे लिहिलेले नाही.

२२ ऑगस्ट २०२४

पाऊस नियमित आहे. बाजरी डोक्याएवढी. चरांत पाणी थांबते, दोन दिवसांत मुरते, दोन्ही टोकांना सारखे ओले दिसते. गेल्या आठवड्यात मावशींना नात झाली. सून पाळीच्या वहीत सही करायला येत नाही म्हणून कोणी चौकशी केली तेव्हा काही जणांना ही बातमी कळली, इतके सगळे पेरणी-खुरपणीत बुडालेले होते.

२ ऑक्टोबर २०२४

शेततळे काठोकाठ आहे. विहिरीला हात लावावा लागला नाही, ओढ्याच्या पाण्यावरच ते भरले. बाष्पीभवन वजा जाता साडेसोळा लाख लिटर वाटायला आहेत. वाटपाची बैठक या वेळी पेरणीच्या आधी, म्हणजे आजच घेतली, आणि पाटीवर पहिली ओळ पिकांची लिहिली. ज्वारी, हरभरा, करडई यांना संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाळू नये एवढेच. कांदा कुटुंबामागे फार तर पाच गुंठे, आणि तोही आपल्याच वाट्याच्या पाण्यातून. ऊस नाही. निर्यातबंदी ४ मेपासून उठलेली असल्यामुळे कांद्यावर पुन्हा चर्चा झाली. ती फार लांबली नाही.

खरा वाद वेगळ्याच मुद्द्यावर झाला. दादांची तीन माणसे गेल्यामुळे अठ्ठावीस जण राहिलो. मावशींची दीड महिन्याची नात एकोणतिसावी धरायची का? एका बाजूचे म्हणणे असे की पाणी पिकासाठी आहे आणि पीक काढायला हात लागतात, तान्ह्या मुलाचा वाटा धरला तर उद्या वाट्यासाठी नोंदी वाढतील. आप्पा म्हणाले की मग मलाही वगळा, मी आता कुठे खुरपतो. मास्तरांनी नायगावला माणशी म्हणजे माणशीच होते, वय विचारत नव्हते, असा मुद्दा काढला आणि त्यावर कोणीतरी विचारले की तुम्ही तिथे होता का. मावशी एवढा वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या की वाटा नका धरू, पण वहीत पोरीचं नाव तरी लिहा.

नाव लिहिले. मग नाव असल्यावर पुढचा रकाना मोकळा कसा ठेवायचा असे आमच्या ह्यांनीच विचारले, ज्यांनी गेल्या वर्षी एकरी वाटपाच्या बाजूने हात वर केला होता. एकोणतीस माणसांवर माणशी ५७ हजार लिटर येतात. नातीच्या नावावर ५७ हजार लिटर टाकले.

२७ ऑक्टोबर २०२४

ज्वारी उगवून आली. दादांचा दुसरा हप्ता परवा पाठवला, त्यांनी पोच दिली आणि कागदावर खाली कांद्याचे रोप किती गुंठ्यांचे टाकले असे विचारले आहे. पंपाच्या चाव्या आता तीन घरांत दर महिन्याला फिरतात, या महिन्यात एक आप्पांकडे आहे, आणि ती ते करदोट्याला बांधून फिरतात. वस्तीत येण्यासाठी दोन कुटुंबांनी विचारणा केली आहे. दोघांनाही आधी पाण्याची वही वाचायला दिली. एक कुटुंब अजून वाचत आहे, दुसऱ्याने वही परत पाठवली.

दादांच्या जोत्यावर सध्या तुरीच्या काड्या आणि मास्तरांच्या शेळ्या आहेत. उद्या वसुबारस, बैठक होणार नाही. जोत्याची किंमत ठरवण्याचा विषय दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीवर ठेवला आहे.